अंगणात आलेली शाळा



सुट्टीत गावी गेलात की 'अंगणवाडी' अशी पाटी तुम्हाला दिसते. ही कल्पना ज्यांनी रुजवली, त्या ताराबाई मोडक यांची आज ओळख करून घेऊ.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार तिथे प्रत्यक्षात आणले जात होते. मूल स्वतःच्या हातांनी काम करत शिकते. शिक्षा आणि बक्षीस यांनी लागलेले वळण वरवरचे असते, असा तो विचार. १९२६ साली तिथेच नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डी या खेड्यात बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पण गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली! आधी हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे; मग गाणी आणि गोष्टी. महागड्या साधनांऐवजी खडे, शंख-शिंपले, बिया आणि पाने आली. स्वच्छतेची सवय उपदेशाने नव्हे, तर रोज सगळ्यांनी मिळून केल्याने लागली.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे चारायला जात. मग शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा!

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

आता थोडे आम्हा पालकांविषयी. मराठीच्या वर्गाला चला म्हणून आम्ही कधी रागावतो, कधी चॉकलेट देतो. वर्ग सुटला, की गाडीत बसताच मुलांचे इंग्रजी सुरू! आम्ही संगणकवाले, प्रोग्रॅम चालला नाही तर वापरणाऱ्यावर चिडत नाही, प्रोग्रॅम तपासतो. इथे मात्र मुलांवरच चिडलो. आणि खरे सांगायचे, तर गाडीत आम्हीही इंग्रजीच बोलतो.

दुबई-शारजाच्या फ्लॅटला अंगण नाही. पण गाडी आहे, स्वयंपाकघर आहे. या आठवड्यात मराठी तिथे नेऊन पाहूया. सुरुवात आम्ही करतो. मुलांनो, आम्ही चुकलो तर जरूर टोका!