कात्रजचा घाट आणि मोंटे कार्लोचे चक्र

आमचे महाविद्यालय ज्या कात्रजमध्ये आहे त्या गावाचे नाव मराठी भाषेत फसवणुकीशी कायमचे जोडले गेले आहे. १६६३ साली लालमहालावरील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते या घाटाकडे पिटाळले गेले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि शिवाजी महाराज दुसऱ्याच वाटेने सिंहगडी पोहोचले, ही आख्यायिका आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार तिच्यातूनच आला. एका थोर इंग्रज गणितज्ञालाही एकदा असाच घाट दाखवला गेला, आणि तोही जुगाराच्या प्रकरणात. त्यांचे नाव कार्ल पिअर्सन. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव सहसंबंध गुणकामुळे, म्हणजे परीक्षेपुरते, माहीत असते. माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहावे असे वाटले म्हणून हा लेख.

पिअर्सन यांचा जन्म २७ मार्च १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर होते. मुलाने केंब्रिजला गणिताची कठीण परीक्षा दिली आणि १८७९ साली तो तिसरा आला. त्यानंतर जर्मनीत जाऊन त्यांनी पदार्थविज्ञान, तत्त्वज्ञान आणि जुने जर्मन वाङ्मय असे जे मिळेल ते वाचले. आपल्या नावाचे स्पेलिंगही त्यांनी जर्मन पद्धतीने लिहायला सुरुवात केली. वकिलीची सनद मिळवली, पण वकिली कधी केली नाही. १८८४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उपयोजित गणिताचे प्राध्यापक झाले. कला शाखेची आवड असलेला माणूस गणितात इतका रमू शकतो, हे वाचून मला धीर आला!

ग्रेशम कॉलेज या जुन्या संस्थेत १८९१ ते १८९४ या काळात त्यांनी दिलेली व्याख्याने हा त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत आवडलेला भाग आहे. ही व्याख्याने फुकट असत आणि ऐकायला कारकून, कारागीर, दिवसभर काम करून आलेली माणसे येत. आपल्याकडची रात्रशाळाच म्हणा ना! या श्रोत्यांना संभाव्यता शिकवायची तर बीजगणिताची सूत्रे फळ्यावर लिहून भागणार नव्हते. म्हणून पिअर्सन यांनी नाणी, फासे, पत्ते आणि लॉटरी यांचाच आधार घेतला. एकदा त्यांनी दहा हजार पेनी वर्गाच्या जमिनीवर उधळल्या आणि छापा किती, काटा किती हे श्रोत्यांकडूनच मोजून घेतले. त्यांच्या नावावर चोवीस हजार नाणेफेकींचा एक प्रयोगही आहे. त्यात छापा १२,०१२ वेळा पडला. प्रमाण विचलन या कल्पनेचे इंग्रजी नाव त्यांनीच याच सुमारास रूढ केले.

मग त्यांची नजर मोंटे कार्लोकडे वळली. तेथील जुगारघरात रूले नावाचे चक्र फिरते. त्याला शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस खण असतात. त्यांपैकी अठरा लाल, अठरा काळे आणि शून्याचा वेगळा. फिरत्या चक्रात टाकलेली गोळी ज्या खणात थांबेल तो आकडा लागतो. हे आकडे तेव्हा ‘ल मोनाको’ नावाच्या वृत्तपत्रात छापून येत. पिअर्सन यांना यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कोठे मिळणार? हजारो आकडे त्यांना घरबसल्या मिळाले.

लाल आणि काळे एकूण किती वेळा आले ते त्यांनी प्रथम मोजले. दोन्ही जवळपास सारखे निघाले, म्हणजे चक्र प्रामाणिक दिसले. परंतु ते तेथे थांबले नाहीत. एकच रंग सलग किती वेळा येतो, हेही त्यांनी मोजले, आणि येथे हिशेब साफ बिघडला. एकदाच येऊन रंग बदलला असे प्रसंग फारच जास्त होते; सलग दोनदा, सलग तीनदा असे प्रसंग अपेक्षेपेक्षा कमी होते. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता जवळजवळ शून्य होती. १८९४ साली त्यांनी याविषयी लेख लिहिला. अशी जुगारघरे बंद करावीत आणि त्यांचा पैसा विज्ञानाच्या कामी लावावा, अशी सूचनाही त्यांनी केली.

आता गंमत पाहा. वर्गातील एखाद्या मुलाला नाणे न फेकता शंभर नाणेफेकींचा खोटा निकाल लिहायला सांगा. तो छापा, काटा, काटा, छापा असे आलटून पालटून लिहील. सलग पाच वेळा छापा लिहायला त्याचा हात धजणार नाही. खऱ्या शंभर फेकींत मात्र छाप्याची किंवा काट्याची सलग पाचांची रांग बहुधा येतेच. मोंटे कार्लोच्या आकड्यांत नेमका हाच दोष होता. वृत्तपत्राचे प्रतिनिधी चक्राजवळ बसण्याचा कंटाळा करून मद्यगृहात बसत आणि आकडे मनाने लिहीत, असे संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून सांगितले जाते. तसे असेल तर पिअर्सन पलित्यांच्या उजेडामागे धावले. लबाडी त्यांनी अचूक पकडली, पण ती चक्राची नव्हती, नोंदवहीची होती.

चक्र खरे असले म्हणून खेळणाऱ्याला न्याय मिळतो, असेही नाही. रूलेत एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला तर पस्तीस रुपये आणि आपला एक असे छत्तीस हाती येतात. खण मात्र सदतीस. शेकडा सुमारे २.७ रुपये मालकाचे, आणि तेही कसलीही लबाडी न करता. मुंबईच्या मटक्यात दहा आकड्यांपैकी एकावर एकास नऊ हा भाव असे, म्हणजे शेकडा दहा रुपये गेलेच. मोबाइलवरील स्लॉट खेळांत शेकडा ९६ रुपये परत मिळतात अशी जाहिरात असली, तरी ते प्रत्येक डावाचे प्रमाण झाले. शंभर रुपये आणि परत आलेले सगळे पुन्हा लावत गेले, तर वीस फेऱ्यांनंतर सरासरीने चव्वेचाळीसच उरतात.

आमच्या शेजारी राहणारा एक दादा असा खेळ खेळत असे. पगाराच्या आठवड्यात त्याचा चेहरा पाहवत नसे. पिअर्सन वाचल्यावर मी त्याला म्हटले, दादा, तुझ्या फिरक्या मला वहीत लिहू दे. तो हसला, पण त्याने लिहू दिल्या. २१२ फिरक्या झाल्या होत्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याचा खेळ बंद पडला. इतक्या थोड्या नोंदींवरून काही ठरत नाही. शिवाय तेथे चक्रच दिसत नाही, मालक दाखवील ते चित्र पाहायचे!

किती नोंदींवरून काय ठरते, याच प्रश्नाचे उत्तर पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग कसोटीच्या रूपाने दिले. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतील फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्याने भागायचे आणि सर्व बेरीज करायची. वेल्डन या त्यांच्या मित्राने बारा फासे २६,३०६ वेळा टाकले होते. त्यात पाच आणि सहा किंचित जास्त पडले होते. नुसत्या डोळ्यांना तो फरक जाणवला नसता. पण फासे खरे असतील तर इतका फरक पडण्याची शक्यता ६२,५०० मध्ये एक एवढीच आहे, असे या कसोटीने सांगितले. फाशावरचे ठिपके कोरलेले असतात, त्यामुळे सहाची बाजू किंचित हलकी होते. धर्मराजाजवळ ही कसोटी असती तर!

पिअर्सन यांचे सारेच गौरवास्पद नव्हते. मानववंश ‘सुधारण्याच्या’ त्या काळच्या विचाराचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. १९२५ साली लंडनमधील ज्यू मुलांच्या मोजमापांवरून त्यांनी अशा लोकांना देशात येऊ देऊ नये असा निष्कर्ष काढला. जुगारघराच्या आकड्यांवर संशय घेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या पूर्वग्रहावर मात्र कधी संशय घेतला नाही, याचे मला फार वाईट वाटले. २०२० साली त्यांच्याच कॉलेजने इमारतीवरील त्यांचे नाव काढून टाकले. स्वभावही हट्टी होता. काय-वर्ग कसोटीतील त्यांची एक चूक फिशर यांनी १९२२ साली दाखवली, ती त्यांनी मानली नाही. १९३५ साली देऊ केलेली ‘सर’ ही पदवीही त्यांनी नाकारली.

१९३३ साली ते निवृत्त झाले. त्याच साली सातारा जिल्ह्यातील बुध गावचा आणि फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेला एक तरुण त्यांच्या कॉलेजात शिकायला गेला. ते पांडुरंग सुखात्मे. २७ एप्रिल १९३६ रोजी पिअर्सन वारले. त्याच वर्षी सुखात्मे यांना तेथे पीएच.डी. मिळाली. पुढे ते भारतातील थोर संख्याशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले आणि उत्तरायुष्यात पुण्यातच राहिले.