शिवरामराजे भोसले

शिवरामराजे भोसले (१९२७ – १९९५) हे सावंतवाडी संस्थानाचे अखेरचे राज्यकर्ते होते. हाताने रंगविलेल्या गोल पत्त्यांची, म्हणजे गंजिफांची, लोपत चाललेली कला पत्नी सत्त्वशीलादेवी यांच्यासह स्वतः शिकून त्यांनी ती टिकवून धरली.

जीवन

पंचम खेमराज ऊर्फ बापूसाहेब महाराज हे त्यांचे वडील. १९३७ मध्ये बापूसाहेबांचे निधन झाले आणि शिवरामराजे बालवयातच गादीवर आले. ते सज्ञान होईपर्यंत कारभार मातोश्री पार्वतीदेवी यांच्या हाती होता. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. पुढे शिवरामराजे सावंतवाडीतून विधानसभेवर निवडून गेले.

गंजिफा

गंजिफांचा खेळ मोगलकाळात भारतात रुजला. त्याच्या दशावतारी प्रकारात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने मिळून १२, म्हणजे एकूण १२० पाने होतात. पाच रंगांत दहाचे पान एक्क्याहून वरचढ असते, तर उरलेल्या पाचांत हा क्रम उलटतो. डावाचा आरंभ दिवसा रामाच्या राजाने व रात्री कृष्णाच्या राजाने होतो. गोल पाने चौकोनी पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. ती कापडावर पालथी पसरून हातांनी कालवतात. कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवण्यावर खेळाडूचे कौशल्य अवलंबून असते.

कलेचे शिक्षण

स्वस्त छापील पत्त्यांपुढे गंजिफांची मागणी ओसरली. सावंतवाडीतील चितारी कारागीर लाकडी खेळण्यांकडे वळले. गंजिफा करणारे पुंडलिक चितारी तेवढे उरले होते आणि तेही वृद्ध झाले होते. त्यांच्यानंतर ही विद्या कोणाच्याच हाती राहिली नसती. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले.

शिकण्यासारखे पुष्कळ होते. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवणे, त्यावर पांढरा लेप देऊन दगडाने घोटणे, पाने गोल कापणे, रंगविणे आणि शेवटी लाखेचा हात देणे, हा त्याचा क्रम. पानांच्या पाठी हुबेहूब एकसारख्या असाव्या लागतात. एखाद्या पाठीवर वेगळी खूण राहिली, तर पान ओळखू येते व संपूर्ण जोड खेळास निरुपयोगी ठरतो.

वारसा

१९७० च्या दशकाच्या आरंभी या दांपत्याने ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हा उपक्रम सुरू केला. राजवाड्यातील दरबार सभागृहात तरुण कारागीर गंजिफा रंगवू लागले. एका घराण्यापुरती उरलेली कला त्यामुळे इतरांनाही शिकता आली. शिवरामराजे यांच्या निधनानंतर सत्त्वशीलादेवींनी २०१८ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, हे कार्य चालविले. पुढे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले.