अहिल्याबाईंचा दिवस

कर्जत तालुक्यांतील भिवपुरी गांव कुसूर घाटाच्या पायथ्याशीं आहे. तेथें जो मोठा दगडी तलाव आहे तो सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई हिनें बांधविला. भाऊ १७६१ सालीं पानिपतावर पडले. घाटाची वाट चालून आलेल्या माणसांस व बैलांस त्या विधवेच्या तलावाचा आधार झाला. त्याच काळीं दुसरी एक विधवा माळव्यांत राज्य करीत होती, व तिनेंही विहिरी, घाट व धर्मशाळा पुष्कळ बांधल्या. ती म्हणजे अहिल्याबाई होळकर. त्यांचें बांधकाम सर्वांस ठाऊक आहे. आज आम्ही त्यांच्या दिवसाविषयीं लिहिणार आहों. कारण काम पुष्कळ व दिवस लहान, ही तक्रार आमच्या गांवोगांवच्या शिक्षकांकडून आम्हांस वारंवार ऐकूं येते, आणि ती खोटी आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं.

बाईंचा जन्म १७२५ सालीं चौंडी गांवीं झाला. हें गांव पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आतां त्यांच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांशीं त्यांचें लग्न झालें. खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत मारले गेले. बाई सती जाण्यास निघाल्या असतां सासऱ्यांनीं त्यांस थांबविलें व पुढें कारभार शिकविला. १७६६ सालीं सासरे गेले, व १७६७ सालीं एकुलता एक मुलगा मालेराव गेला. तेव्हां राज्याची सर्व जोखीम त्यांजवर आली. फौज त्यांनीं तुकोजी होळकरांच्या हातीं दिली व राज्याचा अंतर्गत कारभार स्वतःकडे ठेविला. एकानें दोघांचें काम ओढूं नये, हें त्यांस प्रथमपासून समजलें होतें असें आम्हांस वाटतें.

त्यांच्या दिनक्रमाची माहिती आपणांस सर जॉन माल्कम यांच्याकडून मिळते. हे गृहस्थ १८१८ नंतर माळव्यांत अधिकारी होते. बाईंस जवळून पाहिलेले लोक तेव्हां हयात होते. त्यांस विचारून त्यांनीं ती लिहून ठेविली व १८२३ सालीं ग्रंथरूपानें छापली. खालापुराकडील वाचकांस हें नांव अनोळखी नसावें, कारण पुढें मुंबईचे गव्हर्नर असतां १८३० सालीं त्यांनींच बोरघाट गाड्यांस खुला केला.

त्या काळीं गांवांत घड्याळ नव्हतें. बुडास छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यांत सोडीत. ती भरून बुडाली म्हणजे एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें, झालीं असें समजत. अशा अडीच घटिका उजाडण्यास बाकी असतां बाई उठत. प्रथम पूजाअर्चा, मग ठराविक वेळ धर्मग्रंथांचें श्रवण, मग दानधर्म व स्वहस्तें ब्राह्मणांस अन्न. त्यानंतर स्वतःचें जेवण. त्यांच्या कुळास मांस वर्ज्य नव्हतें, तरी बाईंनीं तें सोडलें होतें. पुन्हां प्रार्थना, थोडी विश्रांति, आणि सुमारें दोन वाजतां दरबार. तेथें त्या संध्याकाळच्या सहापर्यंत बसत. नंतर दोन-तीन तास उपासना व साधें भोजन. नऊ वाजतां पुन्हां कामास आरंभ, व अकरा वाजतां निद्रा. व्रतें व सण, किंवा राज्यावरील एखादें संकट, एवढ्यानेंच काय तो या क्रमांत फरक पडे.

त्यांचा उपासनामार्ग आमचा नव्हे. परंतु वाचकांनीं हे तास मोजून पाहावे. राज्यकारभारास चार व दोन मिळून सहाच तास! आमच्यांतील पुष्कळ जण याहून अधिक वेळ कामाच्या काळजींत घालवितात. पण ते सहा तास ठरलेले होते, व ते दरबारास येणाऱ्याचे होते. बाई पडद्यांत न बसतां उघड्या दरबारांत बसत, आणि क्षुल्लक फिर्यादही न कंटाळतां ऐकत. दहा कोस चालून आलेल्या कुणब्यास दोन प्रहरानंतर गेल्यास भेट होईल हें ठाऊक असणें, ही लहान गोष्ट नव्हे. साहेब आज नाहींत, उद्यां या, हें उत्तर घेऊन कोणत्याही कचेरींतून परतलेल्या मनुष्यास याची किंमत सांगावी लागणार नाहीं. आणि आमच्या सभा? सूर्य मावळतां म्हणून बोलाविलेली सभा दिवे लागून घटिका झाल्यावर भरते, व जी म्हातारी बाई वेळेवर आली तीच अंधारांत एकटी बसून राहते. भिवपुरी रोडच्या स्टेशनावर मात्र आम्ही लोकल गाडीच्या आधीं पोंचतों!

वेळ कोठें देऊं नये हेंही बाईंस कळत होतें. एका ब्राह्मणानें त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनीं तो शांतपणें ऐकला, आपण अशा स्तुतीस पात्र नाहीं असें म्हणून ग्रंथ नर्मदेंत टाकविला, व त्या गृहस्थाकडे पुन्हां लक्ष दिलें नाहीं. उलट, महेश्वराच्या आसपास भर उन्हांत नांगर चालला असतां बाईंचा नोकर येऊन औत थांबवी, व जुंपलेल्या बैलांस पाणी पाजी. शेतकरी आश्चर्य करीत. तेवढ्यानें नांगरट मागें पडली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

इतका बांधलेला दिवसही एकदां मोडला. मुलीचा मुलगा तरुणपणींच वारला, व त्यामागून एका वर्षानें, १७९१ सालीं, जांवई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. आईनें नाना प्रकारें विनविलें. पण मुलीनें ऐकलें नाहीं. जिला स्वतःस सासऱ्यानें या चितेपासून परत आणलें होतें, तिला आपल्या मुलीस परत आणतां आलें नाहीं. बाई प्रेतयात्रेबरोबर नदीपर्यंत गेल्या, व चिता पेटली तेव्हां दोघां ब्राह्मणांनीं त्यांस धरून ठेविलें होतें. त्यानंतर तीन दिवस त्यांनीं अन्न घेतलें नाहीं, व एक शब्दही उच्चारला नाहीं.

मग त्या सांवरल्या. मुलगी व जांवई यांच्या स्मरणार्थ त्यांनीं एक सुंदर इमारत बांधविली. पुढें चार वर्षें कारभार त्यांच्याच हातीं होता, आणि ता. १३ ऑगस्ट १७९५ रोजीं महेश्वर येथें त्यांचें देहावसान झालें.