गार्सिया द ओर्ता

इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगालच्या आरमाराबरोबर एक विद्वान वैद्य गोव्यास आले. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता. त्यांचे आईबाप ज्यू होते. स्पेनच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर घालविल्यावर ते पोर्तुगालमध्ये येऊन राहिले. परंतु १४९७ साली तेथेही ज्यूंना बळाने ख्रिस्ती करण्यात आले. अशा कुटुंबांवर धर्माधिकाऱ्यांची करडी नजर असे.

ओर्ता हे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापक होते. प्राचीन ग्रीक आचार्यांचे ग्रंथ त्यांनी कसून अभ्यासिले होते. त्या काळी युरोपातील वैद्य त्या ग्रंथांना प्रमाण मानीत. गोव्यात आल्यावर मात्र ओर्तांना दिसून आले की, हिंदुस्थानातील अनेक औषधींविषयी त्यांत चुकीची माहिती आहे. मग त्यांनी वनस्पतीच डोळ्यांनी पाहून पारखण्यास आरंभ केला. त्यांनी बाग लावली. वैद्य, हकीम व व्यापारी यांच्याजवळ ते बारकाईने चौकशी करीत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यासाठी ते घाट चढून गेले व तेथील हकिमांशीही त्यांनी चर्चा केली.

जवळजवळ तीस वर्षांच्या या श्रमांचे फळ म्हणजे १५६३ साली गोव्यात छापलेला त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ. आले, हळद, चिंच, आंबा, हिरडा अशा अनेक वस्तूंचे वर्णन त्यात संवादरूपाने केले आहे. जेथे अनुभव निराळा आला, तेथे त्यांनी ग्रीक आचार्यांची चूक निर्भयपणे दाखविली. चारच वर्षांत या ग्रंथाचा लॅटिन सारांश निघाला आणि तो युरोपभर वाचला गेला.

१५६८ साली ओर्ता निवर्तले. पुढच्याच वर्षी, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्यांच्या बहिणीस गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली ओर्तांच्या अस्थीही उकरून जाळण्यात आल्या. अस्थी जळाल्या, पण ग्रंथ उरला.

नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या रानांत आवळा व बेहडा हे वृक्ष आजही वाढतात. आवळ्यात क जीवनसत्त्व व तुरट टॅनिन द्रव्ये, तर हळदीत कर्क्युमिन असते. प्राणवायूच्या क्रियेने पेशींची होणारी हानी रोखण्याचा गुण या द्रव्यांत प्रयोगशाळेत आढळला आहे. माणसाच्या शरीरात त्यांचा कितपत उपयोग होतो, हे शास्त्रज्ञ अजून पारखून पाहत आहेत. केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पाहावे व जाणत्यांस विचारावे, हाच ओर्तांचा मार्ग होता. पणजीतील एका उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आहे.