शिक्षक-मिशनरी स्टीफन हिस्लॉप

चंद्रपूर-गडचिरोलीत हिस्लॉप हे नाव परिचयाचे आहे ते नागपूरच्या कॉलेजमुळे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे आज आपण स्मरण करू या. ते कॅथलिक नव्हते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते.

१८१७ साली जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. भोसल्यांचे राज्य असतानाच, मे १८४६ मध्ये, त्यांनी इंग्रजी शाळा उघडली. तेथे बायबलही शिकवले जाई. सहकारी रॉबर्ट हंटर १८५५ मध्ये मायदेशी परतले आणि शाळेचा भार मुख्यत्वे त्यांच्यावरच पडला. तरीही गोंड बांधवांची भाषा व चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या आणि सिरोंचाजवळील कोटा येथील जीवाश्मांचाही अभ्यास केला. वर्ग सांभाळून हे कसे साधले, याचे आम्हांला नवल वाटते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, गावातील शाळा तपासण्यासाठी ते एकटेच मागे थांबले. अंधार पडला, नाल्याला पूर आला होता. घोडा एकटाच परतला. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

गोंडांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. शाळेतून १८८३ मध्ये कॉलेज उभे राहिले.