क्रांतिसिंह नाना पाटील : बाहेरून आलेले आपले खासदार

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार लोकवर्गणीतून पार पडत असताना, लोकांच्या बळावर मोठे कार्य उभे करणाऱ्या एका पुरुषाचे स्मरण करणे उचित ठरेल. क्रांतिसिंह नाना पाटील हे सातारच्या लढ्याचे सेनानी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ते आपल्या बीड जिल्ह्याचे खासदार होते, हे तरुण पिढीतील अनेकांच्या कानावरही नसेल.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे गाव येडेमच्छिंद्र. ते तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा तालुक्यात होते. आज सांगली जिल्ह्यात आहे. मूळ आडनाव पिसाळ, पण घराण्याकडे पाटीलकी असल्याने पाटील हेच नाव रूढ झाले. काही काळ त्यांनी तलाठ्याची नोकरी केली. १९३० साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होताच सरकारी नोकरीवर पाणी सोडून ते देशकार्यात उतरले. भरदार देह, पहाडी आवाज आणि शेतकऱ्याच्या घरातली बोली, यांमुळे त्यांच्या सभेला गावेच्या गावे लोटत. सत्यशोधक विचारांचे संस्कार त्यांच्यावर होते. लग्नात कर्ज काढून खर्च करू नये, हे ते गावोगाव सांगत. थोडक्या खर्चात लागणारे गांधी विवाह त्या भागात रुजले, त्यात नानांचा वाटा मोठा होता.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये छोडो भारतची हाक आली आणि सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. सप्टेंबरमध्ये वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. नाना भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम लावले, त्यांची घरे-जमीन जप्त केली. पण १९४६ पर्यंत ते हाती लागले नाहीत. रोज नवा मुक्काम, नवी भाकरी. एवढी वर्षे हे गुपित राखले ते सामान्य शेतकऱ्यांनी आणि मायमाऊल्यांनी.

याच काळात, १९४३ पासून, प्रतिसरकार उभे राहिले. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर असे अनेक साथी त्यात होते. संरक्षणासाठी तुफान सेना होती. गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढे तंटे चालत, सावकाराच्या तावडीतील गरिबाचा प्रश्न सुटे, दारू व दरोडेखोरी यांना आळा बसे. गुन्हेगार आणि खबरे यांना दिलेल्या शिक्षा कठोर असत आणि त्यावर पुढे टीकाही झाली, हे सांगितलेच पाहिजे. तरीही वकिलावाचून, खर्चावाचून गावातच न्याय मिळतो, हा अनुभव लोकांना प्रथमच आला.

स्वातंत्र्यानंतर नाना शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते अग्रभागी होते. १९५७ साली ते सातारा भागातून लोकसभेवर निवडून आले. त्यानंतर १९६७ साली त्यांना निवडून दिले ते आपल्या बीडने. इथे ना त्यांचे घर, ना शेत, ना सोयरीक. वय सदुसष्टीकडे झुकलेले, पदरी पैसा नाही. निजामी राजवटीविरुद्ध झुंजलेल्या या जिल्ह्याला मात्र झुंजणारा माणूस ओळखता आला. डिसेंबर १९७० मध्ये ती लोकसभा मुदतीपूर्वीच विसर्जित झाली. तीन-चार वर्षांत आपल्या भागाचा दुष्काळ हटणार नव्हता, तो हटलाही नाही. पण जातीपातीचा, भावकीचा हिशेब न करता मत देता येते, हे आपल्या वाडवडिलांनी दाखवून दिले.

दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी सांगली, सातारा, कोल्हापूरकडे जातात. ज्या शिवारात त्यांच्या कोप्या पडतात, तिथल्याच माणसाला एकेकाळी आपण आपला म्हटले होते. त्या मुलखाचे आणि आपले हे जुने नाते आहे.

६ डिसेंबर १९७६ रोजी नाना कालवश झाले. त्यांनी मागे इस्टेट ठेवली नाही.

नाना कम्युनिस्ट होते. मग देवळाच्या पुस्तिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. देऊळ ही गावाने एकत्र बसण्याची जागा. वर्गणी देताना आपण एक झालो, तसेच बांधाचे भांडण मिटवताना, लग्नाचा खर्च आवरताना आणि मत देतानाही एक राहिलो, तर हा जीर्णोद्धार केवळ दगडमातीचा राहणार नाही. क्रांतिसिंहांच्या स्मृतीस समस्त ग्रामस्थांचे विनम्र अभिवादन.