यशवंत घाडगे

यशवंत घाडगे (१६ नोव्हेंबर, १९२१ - १० जुलै, १९४४) हे दुसऱ्या महायुद्धात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठी सैनिक होते. त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात पळसगाव येथे झाला. ब्रिटिश भारतीय सैन्यातील ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते.

पराक्रम

१९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य इटलीतून माघार घेणाऱ्या जर्मनांच्या मागावर उत्तरेकडे सरकत होते. १० जुलै रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतील सर्वजण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालवणारा निकामी केला आणि आणखी एकास गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नसल्याने उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या तडाख्यांनी ठार केले. मोर्चा हाती आला. पण दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून तेथेच त्यांना मरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २२ वर्षे होते.

स्मारके

माणगाव येथे त्यांचे स्मारक आहे. इटलीतील पेरुजा प्रांतातल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले. सर्वजण एकाच सूर्याखाली राहतात, असा त्याचा आशय आहे.